चित्र, चित्रार्ध, चित्राभास

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस हातगाड्यांवर मांडलेले मावळे, तोफेपाशी उभा गोलंदाज, डोक्यावर घागर घेतलेली बाई आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, या साऱ्यांना पुण्याकडची जुनी माणसे ‘चित्रे’ म्हणत. ‘किल्ला झाला, आता चित्रे आणायची राहिली,’ असे वाक्य त्या भागात वाढलेल्या पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असेल. कोकणात गणपती घडवण्याच्या जागेला आजही ‘चित्रशाळा’ म्हणतात. प्रमाण मराठीत मात्र चित्र म्हणजे कागदावर, कापडावर किंवा भिंतीवर काढलेली सपाट आकृती. मग हातात धरता येणारी, उलटसुलट फिरवता येणारी मातीची बाहुली ‘चित्र’ कशी झाली?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिल्पशास्त्रातील एक जुने वर्गीकरण आठवते. त्या परंपरेत ‘चित्र’ म्हणजे चहूबाजूंनी घडवलेली, सर्वांगे दिसणारी मूर्ती. जिची पुढची अर्धी बाजूच दिसते, पाठ दगडात किंवा भिंतीत राहते, ती ‘चित्रार्ध’ किंवा अर्धचित्र. आणि रंगरेषांनी सपाट पृष्ठभागावर काढलेले, म्हणजे आपण आज ज्याला चित्र म्हणतो ते, ‘चित्राभास’. शास्त्रकारांच्या दृष्टीने मूळ गोष्ट मूर्ती होती. रंगवलेली आकृती हा तिचा केवळ आभास. बोलीतील ‘चित्रे’ आणि शास्त्रातील ‘चित्र’ यांचा धागा थेट जुळतो असा आमचा दावा नाही. परंतु हे तीन शब्द हाताशी असले की एका साध्या छंदाचा इतिहास नीट वाचता येतो, एवढे मात्र खरे.

हा छंद म्हणजे लहान मूर्ती रंगवणे, तिचे छायाचित्र काढणे आणि ते स्पर्धेला पाठवणे. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय किरकोळ वाटेल. कोणी त्याला पाश्चात्त्यांचे अनुकरणही म्हणेल. पण लहान मूर्तीचा, तिच्या साच्याचा आणि तिच्या प्रवासाचा एक महत्त्वाचा अध्याय आमच्या जालना जिल्ह्यातच घडलेला आहे. त्या अध्यायापर्यंत जाण्यासाठी सुरुवात अंगणातील मावळ्यापासून करणेच सोयीचे.

दगडविटांचा ढीग, त्यावर ओले गोणपाट, त्यावर लाल मातीचा लेप आणि हिरवळीसाठी पेरलेले अळीव किंवा मोहरी, असा किल्ला उभा राहतो. त्यावर मांडलेली मावळ्यांची फौज एकाच प्रमाणाची नसते. महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, वाघ हत्तीएवढा असतो आणि विहिरीवरची बाई बुरुजाला खेटते. यात मुलांचे काही चुकते असे आम्हांला वाटत नाही. ज्याचे महत्त्व मोठे त्याची आकृती मोठी, हा संकेत प्राचीन शिल्पांतूनही पाळलेला दिसतो. मुले तो कोणी न शिकवता पाळतात.

आता यांतील एक मावळा उचलून पाठीमागून पाहावा. कुशीतून खांद्यापर्यंत गेलेली एक बारीक उभी रेघ दिसते. दोन अर्धे साचे जिथे जुळले तो हा सांधा. पुढच्या बाजूस पगडी, मिशा, कमरेचा शेला, ढाल यांना वेगवेगळे रंग दिलेले असतात. पाठीवरून मात्र बहुधा एकाच रंगाचा कुंचला फिरलेला असतो, आणि कधी तोही नसतो. साच्यातून निघालेली वस्तू पूर्ण ‘चित्र’ असते. रंग देणारा हात तिला ‘चित्रार्ध’ करून सोडतो. त्यालाही दोष देता येत नाही. दिवाळीपूर्वीच्या थोड्या दिवसांत शेकडो नग रंगवायचे, आणि किल्ला तर समोरूनच पाहिला जाणार! पाठीचे श्रम कोणी मोजत नाही, म्हणून पाठीचे दामही कोणी देत नाही.

जालन्याच्या अंगणातील मावळ्यास आणखी एक संदर्भ आहे, तोही सहसा पाठीमागेच राहतो. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्यावर चाल केली, तेव्हा हे मोगलांच्या ताब्यातील एक भरभराटीचे व्यापारी शहर होते. परतीच्या वाटेवर मोगल फौजेने मराठ्यांना गाठले, आणि बहिर्जी नाइकांनी दाखवलेल्या आडवाटेने महाराज पट्टागडावर सुखरूप पोहोचले. त्या गडाला पुढे विश्रामगड हे नाव मिळाले. म्हणजे या गावात मावळा प्रथम आला तो पाहुणा म्हणून नव्हे. आज तोच मावळा इथल्या अंगणात घरचा होऊन उभा आहे. लहान मूर्ती इतिहास किती सहजपणे आपल्या मापात बसवून घेते, याचे हे एक उदाहरण.

छंद म्हणून मूर्ती रंगवण्याची आधुनिक परंपरा युरोपात खेळण्यातल्या सैनिकांपासून सुरू होते. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास आरंभ केला. पोकळ असल्याने धातू कमी लागे आणि किंमत उतरे. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून अशा सैनिकांच्या खेळाचे नियमच बांधून दिले. पुढे खेळापेक्षा रंगवण्यालाच महत्त्व देणारा एक वर्ग तयार झाला. इंग्लंडमध्ये १९८७ पासून सुरू झालेली ‘गोल्डन डीमन’ ही स्पर्धा निव्वळ रंगकामाची आहे. तेथील मूर्ती बहुधा बोटाच्या दोन पेरांएवढी असते, आणि तिच्या डोळ्यातील बुबुळ म्हणजे कुंचल्याच्या टोकाचा एक ठिपका.

या रंगकामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी अस्तराचा रंग, मग त्वचा, मग वस्त्रे, मग दागिने आणि शस्त्रे. डोळे बहुतेक कारागीर वेगळ्या निगुतीने करतात. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी सर्वांत कसलेल्या हाताकडे असते. परंतु लहान मूर्तीची खरी अडचण वेगळीच आहे. माणसाच्या अंगावरच्या वस्त्राला खोल चुण्या पडतात आणि त्यांत सावली साठते. दोन इंच मूर्तीवरील चुणी केसाएवढी उथळ; तिच्यात सावली दिसण्याइतकी पडतच नाही. म्हणून रंगवणाऱ्याला सावली स्वतः रंगवावी लागते. खोबणीत पातळ गडद रंग सोडायचा, उंचवट्यावर जवळजवळ कोरडा कुंचला फिरवून फिका रंग चढवायचा, आणि प्रकाश वरून येतो आहे असे गृहीत धरून खांदे उजळ व काखा काळसर करायच्या. म्हणजे जी वस्तू मुळात ‘चित्र’ आहे, तिच्या अंगावर ‘चित्राभास’ चढवायचा. मूर्तिकला आणि चित्रकला यांच्या सीमेवर चालणारी ही कारागिरी आहे. तिला छंद म्हणून हिणवणे सोपे. करून पाहणे कठीण.

यानंतर छायाचित्राची पाळी येते, आणि येथेच खरा पेच उभा राहतो. जवळून टिपताना कॅमेऱ्याला फार थोडी खोली स्पष्ट दिसते. नाक स्पष्ट आले की कान धूसर होतो. म्हणून जाणकार थोडे दूर राहून, भिंगाचे छिद्र लहान करून छायाचित्र घेतात. थेट दिव्याने रंगावर चकाकी येते, तेव्हा दिव्यापुढे पातळ पांढरा कागद धरून प्रकाश मवाळ केला जातो. मागे करडा किंवा काळा पुठ्ठा उभा करतात. कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरवतात. वरून टिपले तर ती बाहुली दिसते, समोरून टिपले तर माणूस. स्पर्धेच्या छायाचित्राचे यश यातच असते की पाहणाऱ्याला तिची खरी उंची कळू नये.

पुरातत्त्वज्ञांचे छायाचित्र याच्या नेमके विरुद्ध वागते. तेथे वस्तूच्या शेजारी मोजपट्टी ठेवणे हा पहिला नियम. समोरून, बाजूने, पाठीमागून अशी वेगवेगळी दृश्ये घ्यायची. वस्तू आहे त्याहून मोठी वाटू नये, सुंदरही वाटू नये. फक्त नीट कळावी. आमच्या जिल्ह्याच्या शेजारी असलेल्या अजिंठ्यात रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराने १८४४ पासून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. पण मधल्या काळात गिलने कॅमेरा हाती घेतला होता, आणि त्याची १८६४ साली पुस्तकरूपाने आलेली छायाचित्रे द्विनेत्री होती: दोन किंचित वेगळ्या कोनांतून टिपलेली, विशिष्ट भिंगांतून पाहिली असता खोली जाणवणारी. सपाट कागदावर मूर्तीचा गोलवा उतरत नाही, ही अडचण छायाचित्रणाच्या आरंभकाळीच जाणवली होती आणि तिच्यावर उपायही शोधला गेला होता. आजच्या स्पर्धांना त्या उपायाचा विसर पडला आहे.

अजिंठ्याहून भोकरदन दूर नाही. केळना नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांची येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे नर्मदेपलीकडच्या स्तूपांना दान देण्याइतकी सधन आणि फिरती होती. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि त्या वेळचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून येथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे जुन्या ग्रंथांतून भोकरदनचा पत्ता औरंगाबाद जिल्हा असा सापडतो. विद्यार्थ्यांनी गोंधळून जाऊ नये म्हणून ही नोंद.

सातवाहनकालीन दख्खनमध्ये तेर, पैठण, नेवासे, भोकरदन अशा गावांतून भाजलेल्या मातीच्या लहान मूर्तींची जी परंपरा दिसते, तिच्यात दुहेरी साच्याचे तंत्र ठळक आहे. पुढच्या अर्ध्या भागाचा एक साचा, पाठीचा दुसरा. दोहोंत मातीचा पातळ थर दाबायचा, कडा जुळवायच्या, सांधा पुसून घ्यायचा आणि भट्टीत घालायचे. मूर्ती पोकळ राहते, हलकी होते आणि भाजताना तडकत नाही. काही मूर्ती पांढऱ्या केओलिन मातीच्या आहेत. हे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संबंधातून इकडे पोहोचले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. लंडनच्या पोकळ सैनिकाच्या आणि हातगाडीवरील मावळ्याच्या मागे असलेली युक्ती, म्हणजे कमी द्रव्यात, पोकळ अंगाने, एकाच साच्यातून अनेक नग काढण्याची युक्ती, या प्रदेशातल्या कारागिरांना दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. फरक एका गोष्टीत आहे. त्या काळच्या चांगल्या मूर्तींच्या पाठीवर वेणी, कंबरपट्टा, वस्त्राची चुणी ही सारी मागच्या साच्यात स्वतंत्रपणे कोरलेली असत. पाठीलाही साचा होता, म्हणजे पाठीलाही शिल्पकार होता.

याच भोकरदनचे नाव एका फार दूरच्या मूर्तीशी जोडले गेले आहे. ऑक्टोबर १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिची उंची सुमारे २४ सेंटिमीटर. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ते शहर गाडले गेले, त्याअर्थी मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचलेली होती. कंबरपट्टा आणि भरगच्च दागिने एवढेच तिच्या अंगावर. दोन्ही बाजूंना प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दोन छोट्या दासी. मस्तकातून खाली गेलेले एक छिद्र आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी असे काहींचे, तर एखाद्या आसनाचा किंवा चौरंगाचा पाय असावा असे इतरांचे मत. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात. पण ती लक्ष्मीच आहे असे आज ठामपणे कोणी म्हणत नाही. कोणी तिला यक्षी मानते, कोणी केवळ एक शृंगारिणी. ती सध्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

ही मूर्ती कुठे घडली? आरंभी मथुरेकडे बोट दाखवले गेले. पुढे तेरला आणि भोकरदनला तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या, आणि म. के. ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचे माहेर दख्खनमध्ये, विशेषतः भोकरदनला असल्याचे प्रतिपादन केले. दुसऱ्या बाजूने पाहता, मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर आहे. ती लिपी वायव्य भारताची. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे मिळालेल्या हस्तिदंती कामाशीही तिची तुलना होते. तेव्हा भोकरदनचा दावा भक्कम असला तरी वाद मिटलेला नाही. आपल्या गावाच्या प्रेमापोटी त्या एका अक्षराकडे डोळेझाक करणे अभ्यासकाला शोभणार नाही.

व्यापाराची वाट मात्र स्पष्ट आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात हस्तिदंताचा उल्लेख आहे. त्यातच पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर असल्याचे सांगितले आहे. भोकरदन याच प्रदेशात, पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेच्या पट्ट्यात येते.

आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने यातील एक गोष्ट मोलाची आहे. ही मूर्ती चहूबाजूंनी कोरलेली आहे. तिच्या पाठीवर खाली उतरलेल्या वेणीचेही काम आहे. ती संपूर्ण ‘चित्र’ आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांनी तिला पाहिले आहे ते पाठ्यपुस्तकातील किंवा संगणकाच्या पडद्यावरील समोरून घेतलेल्या एका छायाचित्रात. वीतभराहून थोडी उंच असलेली ती मूर्ती त्या छायाचित्रात मंदिराच्या खांबावरील यक्षीएवढी वाटते. शेजारी मोजपट्टी नसते. मूर्ती कुठली याचा शोध अभ्यासकांनी घेतला तो चेहऱ्याच्या मोहकतेवरून नव्हे. तळाचे अक्षर, मस्तकातील छिद्र, दागिन्यांची घडण, केसांची रचना अशा आडबाजूच्या खुणा त्यांनी तपासल्या. छायाचित्राला जे दाखवावेसे वाटत नाही, त्यावरच इतिहास उभा राहतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे अनोळखी वाटू नये. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती याच प्रदेशाची आणि साधारण याच काळाच्या आसपास रुजलेली. स. आ. जोगळेकरांनी ती १९५६ मध्ये मराठीत सिद्ध केली. प्रत्येक गाथा दोन ओळींची, म्हणजे शब्दांची एक लहान मूर्तीच. तीही आपल्याला संदर्भातून सुटून मिळते. कोण बोलते, कुणाला उद्देशून, कोण आडून ऐकते, हे टीकाकारांना सांगावे लागते. कारण गाथेचा अर्ध्याहून अधिक अर्थ तिच्या पाठीमागे असतो. केवळ समोरची बाजू वाचणाऱ्याला ती एखादे सुंदर निसर्गवर्णन वाटते. पाठ पाहणाऱ्याला तिच्यात संकेत, निरोप, कधी तक्रार ऐकू येते. लहान रूपबंध वाचण्याची ही शिस्त आपण वर्गात शिकवतो. मूर्तीच्या बाबतीत ती आपल्याला आठवत नाही, याचे आश्चर्य वाटते.

आता पुन्हा अंगणाकडे वळू. २०२० च्या साथीत घरोघर जाऊन किल्ले पाहणे अशक्य झाले, तेव्हा अनेक मंडळांनी छायाचित्रे मागवून निकाल लावले. साथ ओसरली, पण ती सोय टिकली. युनेस्कोने २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारल्यावर अंगणातील किल्ल्यांनाही नवा हुरूप आला. गावोगावची मुले दूरच्या स्पर्धेत भाग घेऊ शकतात, हा छायाचित्राचा मोठाच लाभ. भोकरदनच्या मुलाचा किल्ला पुण्याचा परीक्षक पाहू शकतो. हे पूर्वी शक्य नव्हते.

किंमत मात्र मोजावी लागते. पूर्वी परीक्षक किल्ल्याभोवती फिरत. वाकून गुहेत डोकावत. मागच्या बाजूची चोरवाट मुलगा हौसेने दाखवी. छायाचित्रात मागची बाजू नाही. जिथे ती पाहिलीच जात नाही, तिथे ती केली जाणेही हळूहळू थांबते. आधी मावळ्याच्या पाठीचा रंग गेला. पुढे पाठीचा साचाही जाईल आणि मावळा सपाट होईल. आजही छापील पुठ्ठ्याचे मावळे बाजारात मिळतात, ते याच वाटेवरचे. ‘चित्र’ आधी ‘चित्रार्ध’ झाले आणि आता ‘चित्राभास’ होऊ घातले आहे. यात हरवतो तो कारागीर. दोन साचे जुळवण्याचे, सांधा पुसण्याचे, पाठीवर शेल्याची घडी उठवण्याचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ते हातातून हातात जाते आणि मागणी संपली की एका पिढीत नाहीसे होते.

यावर उपाय खर्चिक नाही. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांतून आपल्यापैकी अनेकांना परीक्षक म्हणून बोलावणे येते. तेव्हा आपण आयोजकांना तीन गोष्टी सुचवू शकतो. प्रत्येक मूर्तीचे एक छायाचित्र समोरून आणि एक पाठीमागून असावे. एका छायाचित्रात शेजारी साधी शाळकरी पट्टी ठेवावी, म्हणजे मूर्तीचे खरे माप नोंदले जाईल. आणि मूर्ती विकत घेतली असेल तर ती कोणत्या गावच्या, कोणत्या कारागिराकडची आहे हे प्रवेशपत्रात लिहावे. पहिल्या दोन अटी पुरातत्त्वाच्या शिस्तीतून घेतल्या आहेत. तिसरी अट भोकरदनच्या अनुभवातून आली आहे. पॉम्पेईत ती मूर्ती सापडली त्या घराला तिच्यावरून ‘भारतीय मूर्तीचे घर’ असे नाव मिळाले. मूर्तीच्या नावातही पॉम्पेई आले. पण तिला कोरणाऱ्या हाताचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, आणि त्याचे गाव कोणते यावर आजतागायत विद्वानांचा खल चालू आहे.

हातगाडीवरच्या मावळ्याला घडवणारा हात अजून तरी आपल्यातच आहे. त्याला विचारता येते.